तीनशे जीबी

"रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का, विचारा त्यांना," डॉक्टर म्हणाले.

शिवरंजनीनं तोच प्रश्न कानडीत विचारला. समोरच्या स्क्रीनवर पुण्याच्या एका हॉस्पिटलातली खाट होती आणि खाटेवर कर्नाटकातल्या आळंदकडची एक म्हातारी. मुलाकडं चार दिवस राहायला आलेली, आतड्याला पीळ पडलेला, तासाभरात ऑपरेशन. मुलगा अजून वाटेत होता. म्हातारीला कानडीशिवाय काही बोलता येत नव्हतं आणि त्या वॉर्डात कानडी कुणाला येत नव्हती. म्हातारीनं ओठ हलवले.

"गुळगि तगो…"

आणि चित्र थिजलं. म्हातारीचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

कानडीत हो की नाही ते शब्दाच्या शेवटाला कळतं. गुळगि म्हणजे गोळी. 'तगोतीनि' म्हणजे घेते. 'तगोळंगिल्ल' म्हणजे घेत नाही. शिवरंजनीला फक्त सुरुवात ऐकू आली होती.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांचा आवाज तुटत तुटत आला. "घेतात ना?"

शिवरंजनीच्या जिभेवर 'हो' येऊन थांबलं. तिच्या कॉलवर येणाऱ्या या वयाच्या दहा जणींतल्या सात जणी घेतातच. पण तीन जणी घेत नाहीत.

"डॉक्टर, मला ऐकू आलं नाही. अंदाजानं सांगणार नाही. परत विचारते, थोडं थांबा."

पलीकडं ते पोचलं की नाही कळायच्या आत कॉल पडला.

ती येडशीत राहत होती. माहेर उमरग्याकडचं, घरात कानडी आणि दारात मराठी अशी वाढलेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला दुभाषी म्हणून घेतलं होतं. हॉस्पिटलातला पेशंट आणि डॉक्टर एकमेकांची भाषा जाणत नसले की कॉल तिच्याकडं यायचा. दीड वर्ष झालं, काम नीट चाललं होतं. घरात तिच्याशिवाय फक्त सासरे, शरणबसप्पा. नवरा शिवकुमार तुळजापूरला एका लॉजचा मॅनेजर होता, आठवड्यातनं एकदा घरी यायचा. आता नवरात्र तोंडावर आलेलं, म्हणजे तेही नाही.

तिनं मोबाइल उचलून कंपनीत सुपरवायझरला, दीपमाला मॅडमना फोन लावला. मॅडमनी तो कॉल आधीच गुलबर्ग्याच्या दुसऱ्या मुलीकडं वळवला होता.

"म्हातारी गोळी घेत होती, शिवरंजनी. रोज. ऑपरेशनची सगळी तयारी बदलावी लागली." मॅडम पुढं म्हणाल्या, "तू अंदाज केला नाहीस ते बरं केलंस. पण या महिन्यात तुझा कॉल पडायची ही दुसरी वेळ. मागे वायर तुटली होती, मान्य. तिसऱ्यांदा झालं तर मला तुझं नाव यादीतनं काढावं लागेल. नियम माझ्या हातातला नाही."

फोन ठेवला आणि मेसेज दिसला. 'आपल्या प्लॅनमधील ३०० जीबी वापर पूर्ण झाला आहे. महिनाअखेरपर्यंत वेग १ एमबीपीएस राहील.'

त्या दिवशी एकोणीस तारीख होती.

दुपारी ती बसस्टँडजवळच्या केबल ऑफिसात गेली. ऑफिस मेहनाजभाभी चालवायच्या. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर नेट त्यांचंच.

"भाभी, अनलिमिटेड म्हणून घेतलं होतं ना आपण?"

"हौ, अनलिमिटेडच आहे ताई. नेट बंद कुठं होतंय? तीनशेपर्यंत पळतंय, मंग चालतंय." मेहनाजभाभींनी प्लॅनचा कागद काढून त्याच्या तळाशी बोट ठेवलं. अक्षरं इतकी बारीक की शिवरंजनीला कागद उजेडात धरावा लागला.

"पण मागच्या कुठल्याच महिन्यात संपलं न्हाय. माझं काम तेवढंच हाय."

"घरात नवं काय आलंय का? नवीन टीव्ही?"

शिवरंजनीला आठवलं. टीव्ही आला होता. एक तारखेलाच शिवकुमारनं नेटवर चालणारा मोठा टीव्ही अप्पांसाठी, म्हणजे तिच्या सासऱ्यांसाठी, आणला होता.

"मंग तोच," भाभी म्हणाल्या. "मोठा टीव्ही लई खातो. महिना सरेपर्यंत पन्नास जीबी वरून टाकून देते. जपून वापरा."

घरी आली तेव्हा शरणबसप्पा टीव्हीसमोर बसून कुस्ती बघत होते. सांगलीकडच्या कुठल्यातरी फडातली जुनी कुस्ती, दोन्ही पैलवान मातीत घट्ट भिडलेले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर बायको गेली, मग गुडघे गेले. टीव्ही आल्यापासून कुस्ती बघतानाचा तेवढा एक तास ते मोठ्यानं बोलायचे.

"मामा, टीव्ही बंद करा." तिचा आवाज तिलाच कडक वाटला, पण ती थांबली नाही. "तुमच्या कुस्त्यांपायी माझं काम हातचं चाललंय. पुण्यात एक बाई मरता मरता वाचली. महिना सरेपर्यंत टीव्ही लावायचा न्हाय."

शरणबसप्पांनी तिच्याकडं बघितलं. रिमोटचं बटण दाबलं, आतून एक धुतलेला टॉवेल आणून टीव्हीवर टाकला आणि ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतरचे चार दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. ती जेवायला वाढायची, ते जेवायचे, ताट स्वतः उचलून ठेवायचे. तिला वाईट वाटत होतं, पण त्याच्याहून जास्त भीती वाटत होती. प्रत्येक कॉलला ती स्क्रीनकडं नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या नेटच्या छोट्या खुणेकडं बघायची. मोबाइलच्या नेटवर काम करता येत नव्हतं. घरात रेंज धड दोन काड्यांच्या वर जायची नाही, आणि कंपनीला तारेचंच नेट चालायचं.

तेवीस तारखेला सकाळी तिनं भाभींच्या वेबसाइटवर वापर बघितला आणि खुर्चीतच खाली सरकली. वरून टाकलेल्या पन्नासातले अडीच जीबी उरले होते. टीव्हीवरचा टॉवेल चार दिवसांत हलला नव्हता.

"मामा," तिनं हाक मारली. आवाज बारीक झाला होता.

शरणबसप्पा दारात आले.

"तुमी रात्री-बेरात्री मोबाइलवर काय बघता का?" विचारता विचारताच तिला आपली लाज वाटली.

"माझ्या मोबाइलात नेट निराळं हाय. घरचं घेतच न्हाय म्या." ते आत आले. "काय झालंय?"

तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्यांनी खिशातनं चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुढं वाकून आकडे वाचायला लागले. पस्तीस वर्षं रजिस्टरं वाचलेला माणूस, एकेका ओळीवर बोट फिरवत खाली आले.

"हे दोन रकाने कशाचे?"

"एक डाउनलोड, एक अपलोड. म्हणजे आपल्याकडं येतंय ते आणि आपल्याकडनं जातंय ते."

"आणि बेरीज दोन्हीची?"

"व्हय, दोन्हीची मिळून…" ती बोलता बोलता थांबली. आजपर्यंत तिनं खालची बेरीज तेवढी बघितली होती. वापर म्हणजे आपण नेटवरून घेतो ते, असंच तिच्या डोक्यात होतं.

"टीव्ही बघितला तर येणार का जाणार?" त्यांनी विचारलं.

"येणार."

"मंग बघ की. येणारं शंभराच्या आत हाय. जाणारं दोनशेच्या वर. रंजू, ह्या घरातनं काय तरी बाहीर चाललंय."

तिनं लॅपटॉपवरचा हात झटक्यात मागं घेतला. कोण काय नेतंय? तिच्या लॅपटॉपवर लोकांचे आजार होते, नावं होती.

"घाबरू नगं," शरणबसप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदाच मोकळा लागला होता. "सिग्नलला असा फॉल्ट यायचा. लाइनीवर गाडी न्हाय, आन दिवा लाल. आमी काय करायचो, एकेक तोडायचो. समदं तोडायचं, मंग एकेक जोडायचं. हा आकडा किती येळानं बदलतो?"

"पाच मिनिटांनी."

"तुझं काम कितीला?"

"दोनला."

साडेअकरा झाले होते.

त्यांनी तिचा लॅपटॉप बंद करायला लावला. टीव्हीची पिन काढली. तिच्या फोनचं वायफाय बंद केलं. आकडा ते स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नेटवर बघत बसले. पाच मिनिटं गेली. घरात काहीच चालू नव्हतं. जाणाऱ्या रकान्यातला आकडा वाढला.

"बघितलंस?"

पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा वाढला, तेवढ्याच्या तेवढाच.

"आता काय राह्यलंय तोडायचं?" असं म्हणत त्यांनी मान वर केली, आणि दोघांची नजर एकाच वेळी दारावरच्या कोपऱ्यात गेली. तिथं पांढरा, मुठीएवढा कॅमेरा होता. एक इथं, एक मागच्या अंगणात.

महिन्यापूर्वी शरणबसप्पा मागच्या अंगणात पाय घसरून पडले होते. शिवरंजनी कानाला हेडफोन लावून कॉलवर होती. अर्धा तास ते फरशीवर पडून तिला हाका मारत होते आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानंतरच शिवकुमारनं टीव्हीबरोबर हे दोन कॅमेरे आणले, म्हणजे तुळजापुरातनं त्याला अप्पा दिसत राहतील. कॅमेरा चित्र काढतो एवढंच तिला माहीत होतं. ते चित्र दिवसरात्र, घरात कुणी असो नसो, या घरच्या नेटवरून बाहेर जातं आणि तेही त्या तीनशेत मोजलं जातं, हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं.

"काढा," ती म्हणाली, आणि तसं म्हणताना तिला अंगणातली ती फरशी दिसली. "न्हाय, थांबा मामा. तुमी परत पडलात तर?"

"तू घरातच हायस."

"तेव्हा बी घरातच होते."

शरणबसप्पा भिंतीला हात धरून गेले, एक पिन काढली, मग मागं जाऊन दुसरी. येऊन बसले. पाच मिनिटं. आकडा जागचा हलला नाही. आणखी पाच मिनिटं. नाहीच.

त्याच मिनिटाला शिवकुमारचा फोन आला.

"रंजू, कॅमेरे का बंद झाले? अप्पा कुठंयत? दोन्ही काळे दिसतायत. पडलेत का?"

"न्हाय हो, इथंच—"

शरणबसप्पांनी फोन हातातनं घेतला. "म्या बोलतोय. हितंच बसलोय."

"अप्पा, लावा ते आधी. मला इकडं सुचत नाही."

"तुझ्या कॅमेऱ्यानं हिचं काम घालवलं आसतं. समदं नेट त्यो खातोय."

"मी आल्यावर बघतो. तोवर राहू द्या की. परत पडलात म्हणजे?"

"मंग फोन कर. दिवसातनं चारदा कर. म्या उचलतो." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "लॉजात बसून माझं डोस्कं बघतोयस महिनाभर, एकदा तरी इचारलंस का, अप्पा, जेवलात का म्हणून?"

शिवकुमार हळू आवाजात म्हणाला, "जेवलात का?"

"न्हाय आजून. ठेव."

दोन वाजता ती कामावर बसली तेव्हा शिल्लक दीड जीबी होती. भाभींना वरून टाकायला सांगितलं होतं, पण त्यांचं मशीन सोलापूरच्या मोठ्या कंपनीशी जोडलेलं, आणि ते दुपारपासून बंद पडलेलं. "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल ताई," एवढंच त्या सांगू शकत होत्या.

दोन लहान कॉल झाले. तीनला दहा कमी असताना तिसरा आला.

पुण्यातलंच दुसरं हॉस्पिटल. यादगीरकडची एक पोरगी, बांधकामावर मजुरीला आलेली, आठवा महिना सरत आलेला. पोटातल्या बाळाचे ठोके कमी होत होते. नवरा औषधं आणायला खाली गेला होता.

"लगेच सिझर करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना समजावून सांगा आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते मला सांगा. वेळ कमी आहे."

शिवरंजनी बोलायला लागली. समोर, स्क्रीनच्या मागं, शरणबसप्पा खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पाठकोरे कागद, हातात जाड मार्कर. दर पाच मिनिटांनी मोबाइलवर शिल्लक बघून आकडा लिहून कागद वर धरायचे. १.१.

पोरगी ऐकत होती, पण उत्तर देत नव्हती. नुसती मान हलवत होती. ती मान होकाराची आहे की भीतीची, कळत नव्हतं.

०.९.

जाणारं पण मोजतात. आपला चेहरा पण जातोय. शिवरंजनीला एकदम सुचलं आणि तिनं आपला व्हिडिओ बंद केला. आवाज तेवढा राहू दिला.

"येल्लि होद्रि?" पोरगी ओरडली. कुठं गेलात? ती उठून बसायला लागली, नर्सनं खांदे धरले. "होगब्याडरि, अक्का, होगब्याडरि!" जाऊ नका, अक्का.

शिवरंजनीनं शरणबसप्पांकडं बघितलं. हेडफोनमधनं बाहेर फुटलेली ती हाक त्यांनाही ऐकू गेली होती, आणि कानडी त्यांनाही कळत होती. त्यांनी कागद खाली ठेवला आणि हातानं खूण केली. लाव.

तिनं व्हिडिओ लावला. "इल्ले इद्दिनि," ती म्हणाली. इथंच आहे. "माझ्याकडं बघ. मनात काय आहे ते सांग. डॉक्टरांना मी जसंच्या तसं सांगते."

पोरीनं तिच्याकडं बघितलं आणि मग हलक्या आवाजात बोलायला लागली. पहिल्या बाळंतपणात रक्त लई गेलं होतं. थांबतच नव्हतं. दोन बाटल्या चढवल्या होत्या. इथं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर हे ठेवून घेणार नाहीत असं नवरा म्हणाला होता.

शिवरंजनीनं ते शब्दाला शब्द मराठीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी वळून कुणाला तरी रक्ताच्या पिशव्या आधी तयार ठेवायला सांगितलं, भूल देणाऱ्यांना बोलवायला सांगितलं, आणि परत स्क्रीनकडं वळल्या.

"त्यांना सांगा, सांगितलं ते फार बरं केलं. आम्ही ठेवून घेणार. आता त्यांची परवानगी विचारा."

०.५.

शिवरंजनीनं विचारलं. पोरगी बोलली आणि या वेळी शब्द शेवटापर्यंत ऐकू आला. माडरि. करा.

खाट हलली. दारापर्यंत पोरगी मान वळवून स्क्रीनकडं बघत होती. मग दार बंद झालं, कुणीतरी पलीकडनं कॉल बंद केला.

शिवरंजनीनं हेडफोन काढले. शरणबसप्पांनी शेवटचा कागद वर धरला नाही, उलटा करून मांडीवर ठेवला.

"किती राह्यलं होतं?"

"आता कशाला पायजे?"

ती उठली, त्यांच्यासमोर खाली बसली. "मामा, टीव्हीचं… म्या चुकले."

"टीव्हीचं सोड." ते मार्करचं टोपण लावत होते आणि ते बसत नव्हतं. "तू त्या दिवशी मला इचारलं न्हाईस. सांगितलंस. कुस्तीचा राग न्हाय मला, त्याचा आला."

तिनं मान हलवली. मग त्यांच्या हातातनं मार्कर घेतला आणि टोपण लावून दिलं.

संध्याकाळी दीपमाला मॅडमचा मेसेज आला. मुलगी झाली, वजन कमी आहे पण रडली. आई ठीक. रक्त लागलं, तयार होतं. खाली आणखी एक ओळ होती. पुढचे तीन महिने तुझ्या कॉलवर लक्ष ठेवलं जाईल, नाव काढलेलं नाही.

एक तारखेला दोघं मेहनाजभाभींच्या ऑफिसात गेली. शरणबसप्पा काठी टेकत, थांबत थांबत. मोठा प्लॅन घ्यायचं ठरलं होतं. मागच्या अंगणातला कॅमेरा तेवढा ठेवायचा, तोही हालचाल झाली तरच चित्र पाठवेल असा लावून.

"भाभी," शिवरंजनी म्हणाली, "जाणारं पण मोजतात हे तुमी कुणालाच सांगत न्हाय."

"कागदावर लिहिलंय ना ताई."

"त्या कागदावरचं मुंगीला बी वाचता येणार न्हाय," शरणबसप्पा म्हणाले.

मेहनाजभाभींना हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या. "खरं सांगू का चाचा, मलाबी एवढं ध्यानात नव्हतं. कॅमेऱ्याचं तर कुणी विचारलंच नाही कधी. तुमीच लिहून द्या, मी लावते दारावर. फक्त अनलिमिटेड काढायला सांगू नका, गिऱ्हाईक पळून जाईल."

"ऱ्हाऊ द्या ते. खाली मोठ्या अक्षरात लिहितो."

शिवरंजनीनं लिहिलं, शरणबसप्पांनी दोनदा खोडायला लावलं. शेवटी एवढं उरलं: वेगात नेट महिन्याला तीनशे जीबी. त्यानंतर हळू. घरात येणारं आणि घरातून जाणारं, दोन्ही मोजलं जातं. कॅमेरा लावला असेल तर आधी विचारा.

कागद चिकटवून ती दोघं पायरी उतरत होती, तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई दारापाशी थांबून वाचायला लागली. तिनं दोनदा वाचलं.

"आवो काका," ती म्हणाली, "आमी गोठ्यात कॅमेरा लावलाय. म्हशीसाठी. त्यो बी धरत्यात व्हय ह्यात?"

शरणबसप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि परत पायरी चढून बाकड्यावर बसले.

"बसा बाई," ते म्हणाले. "आधी सांगा, कधी बसवला?"